खापेकर वकिलांची पाटी

मी एक पाटी. पत्र्याची, निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांची. 'मारोतराव खापेकर, ट्रेडमार्क व पेटंटचे वकील' एवढंच माझ्यावर लिहिलंय. १९६२ साली मला धरमपेठेतल्या एका जिन्याच्या तोंडाशी ठोकलं, आणि साहेबांनी वकिली सोडली तोवर मी तिथेच होते.

वकील म्हटलं की लोकांना खून आणि शेताचा बांध आठवतो. साहेबांचं काम वेगळं. एकाच्या बिडीवर हरीण आहे म्हणून दुसऱ्याने काळवीट छापलं, की दोघांपैकी एक जण माझ्याखालून जिना चढायचा. साहेब दोन्ही बिड्यांचे कट्टे भिंगाखाली धरून शिंगं तपासायचे. "नक्कल करणारा गिऱ्हाइकाला फसवतोच. त्याच्या मालात दम नसतो," हे वाक्य ते कोर्टात इतक्यांदा बोलले की पुढे पुढे घरीही बोलू लागले. लग्नाच्या पंगतीत जिलबी तोंडात टाकून ही कोणत्या हलवायाची नक्कल आहे, ते सांगायचे. यजमान दुसऱ्यांदा बोलवत नसत.

चौऱ्याऐंशी साली डोळे अधू झाले. हरीण कोणतं आणि काळवीट कोणतं, कळेना. साहेबांनी वकिली सोडली.

निरोपाच्या सभेत एका वकिलाने फार हृद्य भाषण केलं. ते साहेबांनीच पूर्वी दुसऱ्या कुणाच्या निरोपाला केलेलं होतं. साहेब हरकत घ्यायला उठत होते, पण गोपिकाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, कोटाचं टोक धरून ठेवलं.

साहेबांचा ज्युनिअर केशव खापरे आता ऑफिस चालवणार होता. पाटी राहू द्या, लोक पाटी पाहूनच जिना चढतात, अशी त्याने विनवणी केली. साहेब म्हणाले, "मी आत नाही आणि माझं नाव बाहेर? ही फसवणूक झाली, केशव." त्यांनी मला उतरवून सायकलरिक्षात घातलं आणि घरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलं.

सहा महिन्यांनी बातमी आली की जिन्याशी केव्हाचीच नवी पाटी लागली आहे. साहेब स्वतः पाहून आले. तसाच पत्रा, तसाच निळा रंग. 'केशव' मुंगीएवढं, 'खापरे' म्हशीएवढं. साहेबांचा इतका उत्साह मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. माझ्यासमोर खुर्ची ओढून ते नोटीस लिहायला बसले.

"त्याचं आडनाव काय त्यानं तुमच्याकडून चोरलं?" गोपिकाबाई म्हणाल्या. "जन्मल्यापासून त्याचंच आहे ते."

साहेबांचा पेन थांबला. स्वतःचं नाव लावायचा हक्क प्रत्येकाला असतो, हे केशवला त्यांनीच शिकवलं होतं.

दोन दिवस ते जेमतेम जेवले. तिसऱ्या दिवशी नरखेडकडचे एक जुने पक्षकार, धोंडबा आले, संत्र्यांची टोपली घेऊन. त्यांच्या पेट्यांवरचा मोराचा छाप गावातल्याच एका व्यापाऱ्याने उचलला होता. ते काम फत्ते झालं म्हणून ते घर शोधत आभार मानायला आले होते.

साहेब गोंधळले. हे काम आपण केलंच नाही, असं त्यांनी सांगितलं.

"असं कसं म्हणता जी? तुमच्याच हापिसात गेलतो न. पाटी पाहूनच चढलो. तिथल्या वकिलानं केलं सारं. मले वाटलं, तुमचाच पोरगा असन."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. उभ्या वकिलीत भेटला नव्हता असा साक्षीदार आज दारात उभा होता. नकली पाटीने फसलेला, खराखुरा. त्यांनी हळूच विचारलं, "मग कामात फरक जाणवला असेल ना?"

धोंडबांनी विचार केला. "जाणवला न जी. तुमच्याकडं मागं एक काम होतं, त्याले चार साल लागले. हे चार महिन्यांत झालं."

ते गेल्यावर साहेबांनी एक संत्रं सोलून सावकाश खाल्लं. मग कोट चढवून बाहेर पडले. गोपिकाबाई घाबरल्या. आज भांडण होणार, असं मलाही वाटलं.

संध्याकाळी ते परतले. "त्याच्या पाटीवरचा 'ख' वाकडा होता," ते म्हणाले. "लोक 'रवापरे' वाचत होते. पेंटरला गाठून समोर उभं राहून नीट करून घेतला."

"आणि केशवला काय बोललात?"

"बोलायला गेलो होतो. पण जिन्यावर पक्षकारांची रांग होती."

आता गोपिकाबाई मला गच्चीवर नेऊन माझ्यावर सांडगे वाळवतात. उन्हाने माझं 'पेटंट' पार उडालंय. एक सांगणं आहे. धरमपेठेत त्या जिन्यापाशी गेलात तर माझी चौकशी करत थांबू नका, सरळ वर जा. काम चांगलं होतं म्हणतात.