हिरव्या वडीतला अर्क

माझा उतावळेपणा माझ्याच मुळावर आला असता तर चाललं असतं. तो आला ताईंच्या पायावर. ताई म्हणजे माझी थोरली जाऊ.

घरी आम्ही दोघी हर्बल साबण करतो. त्या तेलं मोजतात, मी कडुलिंबाचा अर्क काढते. "अर्क काढणारीच अर्क!" असं त्या मला चिडवायच्या. अर्क घालायचा तो शेवटी, मिश्रण कोमट झाल्यावर. त्या दिवशी ताई बाहेर गेलेल्या आणि मला घाई. कॉस्टिक सोड्याच्या कढत पाण्यातच सगळा ओतला. झालं! जळून काळाठिक्कर. दुसरा काढायला आठवडा गेला असता. मग मी अक्कल पाजळली. ते पाणी फेकून दिलं, नव्या मिश्रणात हिरवा रंग कालवून चाळीस वड्या पाडल्या, महिनाभर वाळवल्या, वर लेबल तेच: 'जंतुनाशक, कडुलिंबयुक्त'. कोणाला कळतंय?

नाहीच कळलं, ताईंनासुद्धा. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, त्यात त्यांना मधुमेह. तरी डॉक्टरांचं मलम कपाटात. "घरात तुझा अर्क असताना ते चिकट कशाला?" म्हणत रोज दोनदा त्याच वडीनं पाय धुवायच्या. मी म्हणायचे, "मलम लावा हो." खरं काय ते सांगायला मात्र जीभ उचलेना. लाज वाटते आता.

काल पाय सुजला, ताप चढला, दवाखान्यात न्यावं लागलं. अंगठा वाचेल की नाही, दोन दिवसांत कळेल, डॉक्टर म्हणाले.

आज गेले तर ताई नर्सबाईंच्या हातात वडी ठेवत होत्या. "माझ्या जावेनं केलाय. दिवसभर जखमा हाताळता, यानंच हात धुवा. डोळे झाकून घ्या."

मी वडी हिसकावूनच घेतली.

"नका घेऊ. ताई, यात अर्क नाही, नुसता रंग आहे. अर्क मी जाळला आणि गप्प बसले. तो असता तरी मलमाचं काम झालं नसतं, पण तुम्ही माझ्या भरवशावर..."



"अर्कच गं तू," ताई म्हणाल्या. हसल्या नाहीत. "बाकीच्या वड्या?"

"विकल्या."

"माझ्यासारखं आणखी कोणी मलम कपाटात ठेवलं असेल. मला उठता येत नाही. तू जा. एकेक दार वाजव आणि आत्ता बोललीस तेच सांग."