ओंडेल-ओंडेलच्या पोटातला माणूस

आमच्या वस्तीत ओंडेल-ओंडेल आला नाही तर लग्न लागल्यासारखं वाटत नाही. बांबूचा सांगाडा, माणसाच्या दुप्पट उंचीचा बाहुला, लालभडक तोंड, डोक्यावर रंगीत कागदाचे तुरे! लग्न असो, सुंता असो, तो झुलायला लागला की पोरं नुसती पिसाळतात. आत कोण आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. अहो, आत आमचे हे असतात! मुर्सिदी त्यांचं नाव. उभा जन्म गेला त्यांचा त्या पोटात.

यंदा किनांती नावाची चित्रकार मुलगी आमच्यात राहायला आली. तिनं सभा बोलावली. म्हणाली, "वस्तीच्या वाढदिवसाला ओंडेल-ओंडेलला नवं तोंड बसवू. ज्याच्याकडे कधी कुणाचं लक्ष जात नाही, अशा आपल्यातल्याच माणसाचं!"

झालं, एकच गलका. कुणी मशीद झाडणाऱ्याचं नाव घेतलं, कुणी टोफूवालीचं. गल्लीप्रमुखांनी तर चक्क स्वतःचं सुचवलं.

"तुमच्याकडे लक्ष जात नाही? माइक सोडता का कधी हातातून?" मी म्हटलं. सगळे खो खो हसले. पण ह्यांचं नाव एकाच्याही तोंडून निघेना, आणि हे शेजारी बसून शेंगा खातायत! माझं असं डोकं फिरलं म्हणता. पण आपणच आपल्या नवऱ्याचं नाव कसं पुढे करायचं? बसले गप्प. एरवी मी बसणारी नव्हे.

दुसऱ्या दिवशी किनांतीनं पोरांना गल्लीची चित्रं काढायला बसवलं. मी तिथेच नारळाच्या दुधातला भात विकत होते. पोरांनी ओंडेल-ओंडेलच काढले, दुसरं काय काढणार! पण प्रत्येकाच्या झग्याखाली दोन पाय, आणि उजव्या पायाचा अंगठा वाकडा.

"हे पाय कुणाचे रे?" किनांतीनं विचारलं.

"ओंडेल-ओंडेलचे!"

मी पळी पातेल्यात आपटली. "अरे गाढवांनो, माझ्या नवऱ्याचे आहेत ते!"

किनांती उठून उभीच राहिली. संध्याकाळी तिनं सगळी चित्रं दोरीला टांगली आणि ह्यांना बोलावून चप्पल काढायला लावली. लोक एकदा चित्रांकडे बघतात, एकदा ह्यांच्या अंगठ्याकडे. आणि मग टाळ्या, शिट्ट्या! गल्लीप्रमुखच सगळ्यांत मोठ्यानं ओरडले, "तोंड मुर्सिदीचंच!"

झालं तोंड तयार. तेच बसकं नाक, तीच दातातली फट. वाढदिवसाच्या सकाळी ते जुन्या सांगाड्यावर चढवलं. हे मान वर करून बघतच राहिले.

"अहो बांग, चला, शिरा आत," मी ह्यांना म्हटलं.

"आज नको गं," हे हळूच म्हणाले. "आतून मला पोटावरच्या चिरेतून दिसेल तेवढंच दिसतं. हा नाचतो कसा, ते एकदा तरी बाहेरून बघायचंय मला."

चार तरणे पुढे धावले. मी त्यांना ढकललं. "सरका! मी नाचवते."

"तू? उचलेल तुला?"

"भाताचं पातेलं रोज कोण उचलतं, तुमचा मामा?"

शिरले आत. बाई गं, काय तो उकाडा! खांद्यावरचा पट्टा ह्यांच्या घामानं काळा पडलेला. ढोल वाजला आणि मी डोलायला लागले. चिरेतून बघितलं, तर सगळ्या नुसत्या हनुवट्या! सारी वस्ती वर बघून नावानं ओरडत होती, "मुर्सिदी! मुर्सिदी!" माझ्याकडे एक डोळा वळेना. इतकी वर्षं ह्यांनी हेच बघितलं? मला रडूच फुटलं, पण पाय थांबवले नाहीत.

तेवढ्यात गर्दीतला एक चेहरा खाली वळला. आधी माझ्या पायांकडे, मग थेट चिरेकडे. पोरांना बाजूला सारत हे पुढे आले, वाकून चिरेला डोळा लावला. गाल ओले, आणि दातातली फट दिसेल एवढं हसू.

"सानिह! अगं, काय सुंदर नाचतो गं मी!"

"मग सरका की जरा, नाचू द्या तुम्हाला!" मी म्हटलं, आणि घेतली गिरकी.