रिकामी ओंजळ

तिर्त्साने अंगठी काढली, बाह्या मागे सारल्या आणि ज्यू धर्मगुरूंनी, रब्बींनी, सांगितल्याप्रमाणे ओंजळ पुढे धरली. गेर्शोनने घटस्फोटाचा कागद या ओंजळीत टाकला की ती सुटली. इस्रायलमधल्या हैफाच्या ज्यू धर्मन्यायालयात लेखनिकाने सकाळपासून बसून तो कागद लिहिला होता.

सात वर्षं गेर्शोन वेगळा राहत होता, पण नवऱ्याने आपल्या हाताने दिल्याशिवाय घटस्फोट होत नाही. तिला ज्याच्याशी लग्न करायचं होतं तो योआव खाली गाडीत बसला होता. घटस्फोटाआधी त्याच्यापासून मूल झालं, तर धर्माच्या लेखी ते जन्मभर डागी ठरणार होतं. तिर्त्सा एकोणचाळीस वर्षांची होती, वाट बघायला तिच्याकडे आता वेळच नव्हता.

शेवटी ती सरकारी कोर्टात गेली होती. घटस्फोट अडवून छळल्याबद्दल गेर्शोनला एवढी जबर भरपाई बसली की, घर विकायची पाळी येताच स्वारी धावत इथे हजर झाली.

पण मोठे रब्बी अडून बसले. "पोरी, धाकाने दिलेला घटस्फोट आमच्याकडे फुकट जातो. आधी तो दावा सोड. पुन्हा लावणार नाही असं लिहून दे."

"सही करू नकोस," वकील निवा कानाशी पुटपुटली.

"आणि मग काय करू? निकाल कुरवाळत बसू?" म्हणत तिने सही केली होती.

आता रब्बींनी विचारलं, "गेर्शोन, कोणाचा धाक नाही ना? राजीखुशीने देतोस?"

गेर्शोनने कागद खाली-वर फिरवून बघितला.

"दावा नक्की सुटला ना, रब्बी?"

"सुटला. आता तुझ्यावर कसलीच जबरदस्ती नाही."

"मग खरं सांगतो. खुशी नाही माझी."

"अरे नालायका!" निवा ओरडली.

मोठ्या रब्बींनी कपाळाला हात लावला. शेजारचे धाकटे रब्बी म्हणाले, "आपण समजूत घालू त्याची. पुढची तारीख घेऊ."

"समजूत?" तिर्त्साचा आवाज फाटला. "सात वर्षं त्याला कोणाचा धाक नव्हता, रब्बी. तेव्हा काय केलंत?"

गेर्शोनने कागद टेबलावर ठेवला, तिच्यापासून हातभर अंतरावर. तिने तो स्वतः उचलून चालणार नव्हतं.

"हात खाली करा, बाई," शिपाई हळूच म्हणाला.

तिने ते केले नाहीत.