बॅटरीचं कपाट

“जरा कागद दे गं.”

कपाटवाल्यांनी शेडचं दार लावलं. बायकोने दिलेला वर्तमानपत्राचा तुकडा दार आणि चौकटीमध्ये धरून त्यांनी वरपासून खालपर्यंत सरकवून पाहिला. कागद कुठेच शिरेना.

“बघ. मुंगीलाही परवानगी काढावी लागेल.”

“मुंगी कशाला जातेय? बॅटऱ्या चाटायला?” बायको म्हणाली, पण दाराच्या गुळगुळीत कडेवरून तिने हळूच बोट फिरवलं, तेव्हा ते सुखावले.

आयुष्यभर त्यांनी कपाटं केली. त्यांच्या कपाटाचं एक दार झटक्यात लावलं, की आत कोंडलेल्या हवेने दुसरं आपोआप उघडायचं. गिऱ्हाइकं तक्रार करायची आणि हे खूश व्हायचे. हल्ली हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी काम घेणं सोडलं होतं. परसातली ही शेड आपलं शेवटचं काम, असं त्यांनी कुणाला न सांगता ठरवून टाकलं होतं.

शेडची गरज मात्र बायकोची होती. घर गल्लीच्या अगदी टोकाला, विजेची तार झाडांमधून लोंबकळत आलेली. वारा जरा जोरात सुटला, की वीज गेलीच. तिची अंडी उबवायची पेटी विजेवर चाले, आणि अंडी गार पडून दोन खेपा वाया गेल्या होत्या. मुलीने फोनवर सरळ सांगितलं, “आई, पुरे झालं आता. घराला कुलूप लावा आणि दोघं इकडे या.” बायको म्हणाली होती, “आणखी एक खेप. ही गेली तर येतो.” ती दिलेला शब्द मोडणाऱ्यांतली नव्हती, आणि नेमकी याचीच कपाटवाल्यांना धास्ती होती. मुलीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात रंधा कुठे ठेवायचा, इथपर्यंत त्यांचा विचार पोचला होता.

म्हणून छपरावर सोलर पॅनेल आले. सोलरवाल्या बाईंनी बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर बसवला, तेव्हा शेडला दार नव्हतं. जाताना त्या म्हणाल्या होत्या, “काका, आत हवा खेळू द्या हं.” कपाटवाल्यांनी मान डोलावली. ‘तब्येतीला जपा’ म्हणतात, तसंच काहीतरी असेल, असं त्यांना वाटलं.

आता दार लागलं. अंडी कालच पेटीत ठेवली होती. सोलरची परीक्षा म्हणून बाहेरची वीज बंद करून दोघं ऐटीत जेवायला बसली. जेवण उरकतंय तोच परसातून टीं-टीं-टीं आवाज आला आणि थांबला. पेटीतला दिवा विझला होता.

“अहो, धावा!” बायकोने ओढून आणलेली रजई पेटीवर टाकली. कपाटवाल्यांनी शेडचं दार उघडलं, तर भट्टीसारखी झळ आणि आंबूस वास तोंडावर आला. दार उघडं ठेवल्यावर जरा वेळाने इन्व्हर्टर पुन्हा चालू झाला.

दुपारी सोलरवाल्या बाई आल्या. आत डोकावून त्यांनी कपाळावर हात मारला.

“काका, या बॅटऱ्या आहेत, दागिने नाहीत! चार्ज होताना त्यांतून वायू निघतो, तो वर छताशी साचतो. एक ठिणगी पडली तर तुमचं हे दार शेजाऱ्यांच्या अंगणात. आणि इन्व्हर्टर तापला की बंद पडणारच. दाराला खाली भोकं पाडा, मागच्या भिंतीला वर. गार हवा खालून येईल, गरम वरून जाईल.”

“भोकं? या दाराला?”

“मग काय चौकटीला?”

“मी आत पंखा लावतो.”

“तीच गरम हवा घुसळत बसायला?”

“मग दिवसभर दार उघडं ठेवतो. इथेच राखण करत बसतो, काठी घेऊन.”

“पिल्लं बाहेर येईपर्यंत?” बायकोने विचारलं. तिने त्यांचा हात धरून त्यांना घरात, पेटीपाशी नेलं. पेटीच्या बाजूला बारीक भोकांची रांग होती.

“ही आठवतात? ऊब बाहेर जाईल म्हणून पहिल्याच दिवशी तुम्ही चिकटपट्टीने बुजवली होती.”

“हो. मग पट्टी कुठे गेली?”

“मी काढली. अंड्यातला जीवही श्वास घेतो.”

“मला सांगितलं नाहीस ते!”

“इतकी सुबक चिकटवली होती तुम्ही. सांगायचा धीरच होईना.”

कपाटवाले भोकांकडे बघत राहिले. मग एकदम खो-खो हसत सुटले. हसून डोळ्यांत पाणी आलं. ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

ते परसात आले, तेव्हा सोलरवाल्या बाई ड्रिल काढून तयार होत्या. “द्या, मी पाडते. पाच मिनिटांचं काम.”

“माझ्या दाराला दुसऱ्याचा हात लागायचा नाही.”

त्यांनी दारावर पेन्सिलने रेघ मारली आणि खुणा केल्या. ड्रिल हातात घेतलं तसा हात थरथरला. बायकोने त्यांच्या मनगटाखाली आपला तळहात धरला. पहिला भुसा पडला, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या भोकाला उघडे ठेवले. मग भिंतीची भोकं पाडली. प्रत्येकाची कड पॉलिश पेपरने घासली, उंदीर शिरू नये म्हणून आतून जाळी ठोकली.

“वायूला बोचणार होती का कड?” बाईंनी विचारलं.

“वायूला नसेल. मला बोचली असती.”

पिल्लं निघायच्या सुमारास एका संध्याकाळी वारा सुटला आणि गल्ली अंधारात बुडाली. शेजारी फोन चार्ज करायला घेऊन आला. टॉर्चच्या उजेडात त्याला शेड दिसली.

“काय झकास दार आहे हो! नासवलं कुणी पण?”

“मी,” कपाटवाले म्हणाले. “फोन आत दे, ती लावेल.”

शेजारी आत गेला. ते शेडच्या मागे गेले आणि हात उंच करून त्यांनी वरच्या भोकांवर तळवा धरला. ऊन हवा हलकेच बाहेर येत होती.

“अहो, या लवकर!” आतून बायकोची हाक आली. “एकाने कवचाला टोच मारली!”

“आलो, आलो,” ते म्हणाले. पण तळवा त्यांनी आणखी थोडा वेळ तिथेच ठेवला.