मुंबईला पाठवलेला हुंकारा

बाळांनो, एक गंमत करू. डोळे मिटा आणि घरातला एकेक आवाज पुसून टाका. पंखा पुसा. टीव्ही पुसा. आईच्या हातातला फोन, रस्त्यावरची फटफटी, लांबून येणारा एसटीचा भोंगा, सगळं पुसा. आता काय उरलं? मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा, कुणाच्या तरी चुलीत तडतडणारी तुराटी आणि लिंबावर भांडणारे पोपट. सन एकोणीसशे एकोणतीसमध्ये आपल्या चकलांबा गावात दिवेलागणीला एवढेच आवाज असायचे. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. लोक त्याला मोगलाई म्हणत.

आता त्या शांततेत नऊ वर्षांची एक मुलगी बसवा. अंगावर विटका परकर, केसांत अडकलेली मेंढीची लोकर आणि कान असे तिखट की चुकलेलं कोकरू ओरडलं तर ते कोणत्या मेंढीचं हे ती न बघता सांगायची. ही आपली छबू.

छबूचा आजा धुळाजी मेंढपाळ होता आणि गोष्टी सांगण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. पण त्याच्या गोष्टीला एक अट असे. ऐकणाऱ्यांपैकी एकानं प्रत्येक वाक्याला 'हं' म्हणायचं. याला हुंकारा म्हणतात. हुंकारा आला की सांगणाऱ्याला कळतं, कुणीतरी जागं आहे, गोष्ट कुठंतरी पोचते आहे. हुंकारा तुटला की धुळाजी तोंड पुसून उठायचा. एकदा राजा विहिरीत उतरला आणि नेमकी तेव्हाच छबूला डुलकी लागली.

"आज्या, फुडं काय झालं?" तिनं सकाळी विचारलं.

"काय व्हायचं? राजा हिरीतच हाय."

"त्याला भूक लागली आसंल की."

"मंग तू कावून झोपलीस?"

राजा चार दिवस विहिरीत राहिला. तेव्हापासून छबूनं कधी हुंकारा चुकवला नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर गावचे मोठे जमीनदार सुंदरराव यांच्या घरी रेडिओ आला. त्यांचा पुतण्या उत्तरेश्वर मुंबईला दोन वर्षं शिकून आला होता, त्यानं तो आणला. दाण्याच्या पेटीएवढं लाकडी खोकं, त्यावर धोतऱ्याच्या फुलासारखा उमललेला कर्णा, शेजारी दोन जड बॅटऱ्या. लिंबाच्या शेंड्यापासून अंगणातल्या उंच बांबूपर्यंत तार ताणली. संध्याकाळी सगळं गाव अंगणात जमलं. उत्तरेश्वरनं खुंट्या पिळल्या. कर्ण्यात आधी ज्वारी पाखडल्यासारखा आवाज झाला आणि मग त्यातून माणूस बोलला.

हा आवाज मुंबईहून येत होता. तिथं काही व्यापारी मंडळींनी कंपनी काढून रेडिओकेंद्र सुरू केलं होतं. ते सरकारी खातं नव्हतं, दुकानासारखंच एक दुकान होतं. फक्त तिथं कापड किंवा गूळ न विकता आवाज विकायचा होता. पण दुकानदाराला गिऱ्हाईक समोर दिसतं. त्यानं नाक मुरडलं की दुकानदार दुसरं ठाण काढतो. रेडिओवाल्याला गिऱ्हाईक दिसतच नव्हतं. आवाज तिकडून इकडे यायचा, इकडून तिकडे काहीच जात नव्हतं. म्हणून ती मंडळी अंदाजानं माल मांडायची. आधी अर्धा तास इंग्रजी बँड, मग एक साहेब गुलाबाची छाटणी कशी करावी ते इंग्रजीत सांगायचा, मग एखादं गाणं, शेवटी कापसाचा भाव.

चकलांब्याला कशाचंच वाईट वाटलं नाही. लोक बँडलाही मान डोलवायचे.

आठव्या दिवशी साहेब गुलाबाबद्दल बोलत असताना आवाज बारीक झाला आणि विझला. उत्तरेश्वरनं खुंट्या पिळल्या, खोकं थोपटलं. काही नाही.

"बंद पडणारच," धुळाजी शांतपणे म्हणाला. "आठ दिस ते बिचारं बोलतंय. एकानं तरी हुंकारा दिला का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खरंच, कुणीच दिला नव्हता. आपल्या गावात पाहुणा येऊन आठ दिवस बोलावा आणि आपण कुणी 'हं' म्हणू नये, याची सगळ्यांना लाजच वाटली.

"उद्यापासनं आमची छबी देईल," धुळाजी म्हणाला. "तिच्यावानी हुंकारा कुणाचा न्हाई."

बॅटऱ्या बीडला गेल्या. बैलगाडीची दीड दिवसाची वाट, तिथल्या मोटारवाल्याकडं त्या भरून मिळत. सहाव्या दिवशी त्या परत आल्या, तेव्हा छबू कर्ण्यापुढं मांडी घालून बसलेलीच होती. रेडिओ बोलू लागला. छबू म्हणाली, "हं." साहेब गुलाबाबद्दल बोलला, छबू म्हणाली, "हं." कापसाचा भाव उतरला, तरी छबूचं आपलं "हं." रेडिओ एकदाही थांबला नाही. गावाची खात्रीच पटली. जाताना लोक तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे. आश्रुबा नावाचा एक गप्पिष्ट गडी तर तिला "रेडिओची मालकीण" म्हणायला लागला. छबूला वाटलं, जगात आपल्याएवढं महत्त्वाचं काम कुणाकडंच नाही.

उत्तरेश्वरला मात्र हे सहन होईना. एक दिवस त्यानं सगळ्यांसमोर खोक्याची मागची फळी काढली.

"हे बघ छबे. ह्या काचेच्या नळ्या, ही तार, ही बॅटरी. बॅटरी उतरली की हे मुकं होतं. ह्याला कान कुठं हायेत का? दाखव मला."

छबूनं वाकून वाकून बघितलं. कान नव्हते.

"तू हं म्हण, न्हाईतर गप बस, मुंबईला काय कळत न्हाई. तुझ्या हं हं पायी आमाला गाणं ऐकू येत न्हाई. उद्यापासून मागं बसायचं."

लोक हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. छबू दुसऱ्या दिवशी अंगणाच्या टोकाला, मेंढरांजवळ बसली. पुढची जागा गेली याचं दुःख होतंच. पण खरं दुःख वेगळं होतं. इतके दिवस तिनं मनापासून दिलेला एकही हुंकारा कुठंच पोचला नव्हता.

"आज्या, तिकडं बोलणाऱ्याला कसं कळत आसंल, आपण ऐकतो का न्हाई?"

धुळाजीनं मान हलवली. "न्हाई कळत. लई अवघड काम हाय बाबा त्यांचं."

मग एका संध्याकाळी, गाणं संपल्यावर, रेडिओवरचा मराठी बोलणारा माणूस थांबून म्हणाला, "श्रोतेहो, आमचे कार्यक्रम आपणांस आवडतात की नाही, ते कृपया पत्राने कळवावे. इथे एका बंद खोलीत भिंतीकडे तोंड करून आम्ही बोलत असतो. पलीकडे कुणी आहे की नाही, हेच आम्हाला समजत नाही."

छबू ताडकन उभी राहिली. "आज्या, त्यांला हुंकारा पायजे."

"खाली बस गं," उत्तरेश्वर म्हणाला.

"हिचं काय चुकलं?" सुंदररावांची बायको ताराबाई दारातून बोलली. "तो माणूस तेच तर मागतोय. पत्राचा हुंकारा."

ताराबाईंना लिहिता येत होतं, आणि ही गोष्ट गावात फार जणांना येत नव्हती. त्यांनी छबूला ओसरीवर बोलावलं, दौत आणि बोरू घेतला. छबूनं सांगितलं तसं त्यांनी लिहिलं, एक अक्षर बदललं नाही:

'मुंबईच्या रेडिओवाल्यांस चकलांब्याचा रामराम. तुमी बोलता ते आमाला ऐकू येतं. आमी हं म्हणतो पण ते तुमच्यापरेंत येत न्हाई, म्हणून कागदावर धाडतो. हं. हं. हं. साहेब गुलाबाचं सांगतो त्याला बी आमी हं म्हणलो, पण ते जरा उसनं होतं. आमच्याकडं गुलाब न्हाईत, बाभळी हायेत. कापसाचा भाव सांगता तसा लोकरीचा बी सांगा. आन् एखादी गोष्ट सांगा. सांगताना मधी मधी थांबत जावा. न्हाईतर हुंकारा कुठं द्यायचा?'

"खाली सही?" ताराबाईंनी विचारलं.

"सगळ्यांची," छबू म्हणाली.

मग दिव्याच्या काजळीत बुडवून एकेकानं अंगठा उठवला. एक अंगठा म्हणजे एक हुंकारा.

"माझे दोन घ्या," आश्रुबा म्हणाला. "मला दुप्पट ऐकू येतं."

"बायकोचं तर एकदा बी येत न्हाई तुला," धुळाजी म्हणाला, आणि अंगण खदखदलं.

"मुंबईत हसतील आपल्याला," उत्तरेश्वर कुरकुरला. त्यानं अंगठा दिला नाही. तरी पाकिटावर इंग्रजी पत्ता घालायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तो तेवढा घातला, आणि मोठ्या सुबक अक्षरात घातला.

आता अडचण तिकिटाची. मोगलाईचं तिकीट मोगलाईतच चाले. मुंबई इंग्रजांच्या राज्यात, म्हणून तिकडच्या टपालाचं तिकीट हवं. पण पाथर्डी इंग्रजी मुलखात होती आणि धुळाजी तिथल्या बाजाराला मेंढरं घेऊन जायचाच. छबू त्याच्याबरोबर निघाली. पाकीट तिनं भाकरीच्या फडक्यात बांधून पोटाशी धरलं होतं.

हद्दीवर जकातनाका होता. मुलखाबाहेर जाणाऱ्या मालावर तिथं महसूल द्यावा लागे. नाकेदारानं मेंढरं मोजली आणि छबूच्या गाठोड्याकडं बोट केलं.

"इसमें क्या है बेटी?"

"हुंकारा," छबू म्हणाली. "त्रेचाळीस हायेत."

नाकेदारानं धुळाजीकडं बघितलं. धुळाजीनं सगळी हकीकत सांगितली. नाकेदार दाढी खाजवत ऐकत राहिला, आणि त्याच्याही नकळत मध्येमध्ये "हां, हां" म्हणत राहिला.

"जाव," तो शेवटी म्हणाला. "हुंकारे पे महसूल नै."

पाथर्डीच्या लाल पेटीत छबूनं पाकीट टाकलं, आणि ते तळाला पडल्याचा आवाज ऐकल्याशिवाय ती तिथून हलली नाही.

एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. बॅटऱ्या एकदा बीडला जाऊन आल्या. छबू रोज मागं बसायची आणि ओठ घट्ट मिटून ऐकायची. हळूहळू काहीतरी बदलायला लागलं. गुलाबवाला साहेब आठवड्यातून एकदाच यायला लागला. बँड अर्ध्यावर आला आणि त्या जागी भजन, पोवाडा, तबल्यावरचं गाणं ऐकू यायला लागलं. गाण्याच्या आधी कोण्या साबणवाल्याचं, कोण्या घड्याळवाल्याचं नाव यायचं. त्यांनी पैसे दिले म्हणून गाणं झालं, असा त्याचा अर्थ. चकलांब्याचे लोक साबणवाल्यालाही "भलं होवो बाबाचं" म्हणून हात जोडायचे. हे सगळं एका पत्रानं झालं नसणार. गावोगावची पत्रं गेली असतील. दुकानाला शेवटी गिऱ्हाईक दिसायला लागलं होतं.

पण चकलांब्याचं नाव काही आलं नाही.

"पोचलं नसंल," छबू म्हणाली.

"पोचलं आसंल," धुळाजी म्हणाला. "पोचलेलं कळायला येळ लागतो."

संक्रांतीचा दिवस आला. ताराबाईंनी सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. छबू आपल्या जागी, मेंढरांजवळ, तोंडात तिळाची वडी घोळवत बसली होती. कापसाचा भाव झाला. आणि मग तो मराठी बोलणारा माणूस म्हणाला, "आता लोकरीचा भाव."

धुळाजीचा घास हातातच राहिला.

"आणि आता," तो माणूस म्हणाला, "एका चहाच्या व्यापाऱ्याच्या वतीने आजपासून एक नवा कार्यक्रम. त्याआधी सांगायचे म्हणजे, निजामाच्या मुलखातून, चकलांबा या गावाहून आम्हाला एक पत्र आले. त्याखाली त्रेचाळीस अंगठे आहेत. ते आम्ही समोरच्या भिंतीवर लावले आहे. आता भिंतीकडे तोंड करून बोलताना एकटे वाटत नाही. तर चकलांबेकरहो, आपली मागणी मान्य. मी एक गोष्ट सांगतो, आणि मध्ये मध्ये थांबतो."

आश्रुबानं तोंडावर हात ठेवला. सुंदरराव बसल्या जागी सरळ झाले.

"एका गावात एक म्हातारी होती," रेडिओ म्हणाला. "तिच्याकडे एक शेळी होती, आणि खोटं बोलणारा दिसला की ती शेळी त्याला शिंग मारायची."

आणि तो थांबला. कर्ण्यातून नुसती बारीक खरखर येत राहिली. तिकडे मुंबईत एक माणूस खरोखरच वाट बघत होता.

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. कर्ण्याशेजारी बसलेला उत्तरेश्वरही वळला. त्याचे कान लाल झाले होते. तो बाजूला सरकला आणि आपल्या जागेवर हातानं थोपटत म्हणाला, "ये की छबे. ते थांबलंय न्हवं का."

छबू उठली. बसलेल्या माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती पुढं आली. मांडी घालून बसली. तोंडातली वडी घाईघाईनं गिळली, परकरानं ओठ पुसले, कर्ण्याच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि म्हणाली, "हं."