कोरी टेप

"भिजवलीस का टेप? माझ्याकडे बघून सांग."

"भिजवली म्हणतोय ना! किती वेळा तेच तेच? लिहून देऊ का?"

"लिहायची आवड असती तर शाळा कशाला सोडली असतीस," मामी म्हणाली.

झालं. माझं डोकं सटकलं. मी टेपचं रीळ तिच्या टेबलावर आपटलं. ते घरंगळत खाली गेलं, दोन मशीनं ओलांडून थेट सुपरवायझरच्या बुटापाशी थांबलं. आमच्या सुपरवायझरला सगळे 'झालंका' म्हणतात, कारण दिवसभर तो तेवढं एकच बोलतो. त्याने रीळ उचललं आणि म्हणाला, "झालं का तुमचं घरचं भांडण? मग कामाला लागा."

मी खोटं बोलत होतो. टेप भिजवली नव्हती.

आमचा स्वेटरचा कारखाना आहे. म्हणजे मालकाचा आहे, आम्ही तिथे कामाला. मामी बावीस वर्षं एकच काम करते. स्वेटरच्या खांद्याच्या शिवणीवर आणि मानेमागे आतून सुती टेप शिवायची. विणलेलं कापड ताणतं, पण दोरा ताणत नाही. मग डोक्यातून स्वेटर ओढला की कट्कन दोरा जातो आणि खांदा उसवतो. टेप असली की ओढ टेपवर येते. एवढंच. पण कोरी टेप धुतल्यावर आटते. म्हणून आधी ती भिजवायची, वाळवायची, इस्त्री करायची आणि मगच लावायची. मामीने हे मला शंभर वेळा सांगितलंय. शंभर वेळा सांगितलं की माणूस ऐकायचं बंद करतो, हे मात्र तिला कुणी सांगितलं नाही.

कारखान्यात तिला टेपमामी म्हणतात. रस्त्याने जाताना ती लोकांची तोंडं बघत नाही, खांदे बघते. एकदा दोन पोरं मारामारी करत होती, एकाने दुसऱ्याला स्वेटर धरून फरफटत नेलं. सगळे 'सोड सोड' म्हणतायत आणि ही माझ्या कानात म्हणते, "ओढू दे रे, काही होत नाही. माझी शिवण आहे." मी म्हटलं, "अगं, आतल्या पोराचं काय?"

गेल्या महिन्यात नवीन मशीन आलं. शिवता शिवताच ते शिवणीत पारदर्शक पट्टी घालतं. पट्टी रबरासारखी ताणते आणि परत जागेवर येते. मामी दिवसाला साठ स्वेटर करते, मशीन अडीचशे. त्यावर बसवलं मला, कारण माझे हात लवकर चालतात आणि तोंड त्याहून लवकर, ते मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू येत नाही.

झालंकाचं म्हणणं, टेपचं टेबल बंद करा, मामीला धागे कापायला बसवा. धागे कापायला नवीन आलेल्या बायका बसतात, खिडकीपासून लांब, पत्र्याखाली. मालक जरा जुना माणूस. तो म्हणाला, "बावीस वर्षं झाली. असं नको. सहा स्वेटर टेपमामीचे, सहा मशीनचे. दोनदा गरम पाण्यातून काढू, वाळवू, मग बघू. जे टिकेल ते ठेवू."

म्हणजे मामी एका बाजूला आणि मी दुसऱ्या. घरी एकाच ताटलीतलं खायचं आणि कारखान्यात ही कुस्ती.

रविवारी ती म्हणाली, "माझी कंबर धरलीय, तेवढी टेप बादलीत टाक. संध्याकाळी दोरीवर घाल, सकाळी इस्त्री मार." त्यावर मी काहीतरी बोललो, ती माझ्या शाळेवर घसरली, मी दार आपटून बाहेर गेलो. मुद्दाम टाकली नाही टेप. सोमवारी सकाळी रीळ उलगडलं आणि परत वेडंवाकडं गुंडाळलं, भिजवून, वाळवून, इस्त्री केल्यासारखं दिसावं म्हणून. लोक म्हणतील, मशीन कायम आपल्याकडे राहावं म्हणून केलं. तसं नाही. शप्पथ. नुसता राग होता. मला वाटलं, हात लावला की तिला कळेलच, मग ओरडेल, मग मी ओरडेन, आणि मग घालू बादलीत.

कारण ते कुणालाही कळतं. कोऱ्या टेपला खळ असते. चिमटीत धरली तर कागदासारखी करकरते.

झालंकाने रीळ परत दिलं. मामीने टेप अंगठा आणि बोटात धरली, चोळली.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि शिवायला लागली.

मी माझं मशीन बंद ठेवून बघत राहिलो. टेपची करकर मला तीन हातांवरून ऐकू येत होती. तिच्या बोटांखाली ती सरकत होती आणि तिला कळत नव्हतं. तिची बोटं मी रोज बघतो, पण त्या दिवशी नीट बघितली. टोकं गुळगुळीत, पिवळट, इस्त्रीने भाजून भाजून चामड्यासारखी. मध्येच सुई लागली. रक्ताचा ठिपका आला, तो तिने बघितल्यावर पुसला. लागल्यावर नाही, बघितल्यावर.

तेव्हा बोलायला हवं होतं. पहिलाच स्वेटर चालला होता. मी बोललो नाही. पायाने पॅडल दाबलं आणि माझे सहा उडवले.

बुधवारी बारा स्वेटर वाळून टेबलावर आले. माझे सपाट. मामीचे सहाही खांद्यावर चुण्या पडून गोळा झालेले, थंडीत माणूस खांदे वर करून बसतो तसे. मालकाने एकेका बाहीला वजन म्हणून इस्त्री टांगून बघितली. माझ्या सहातल्या एकाची शिवण उसवली. मामीची एकही नाही.

"मजबूत आहे हो टेपमामी," मालक म्हणाला, "पण हे घालणार कोण?"

"झालं का?" झालंका म्हणाला. या वेळी हळू म्हणाला, तेच जास्त लागलं.

मामीने उरलेलं रीळ घेतलं. टेप बोटांनी चोळली. परत चोळली. मग टेपचं टोक ओठांना लावलं आणि तशीच थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही.

"माझंच चुकलं," ती मालकाला म्हणाली. "लक्षात आलं नाही."

कात्री, खडू आणि सुयांची उशी एका पिशवीत भरून ती पत्र्याखाली जाऊन बसली. एका नवीन बाईने सरकून जागा दिली.

घरी जाताना मी रस्त्यातच भांडलो. "माझं नाव का नाही घेतलंस? घ्यायचं होतं! सगळ्यांसमोर घ्यायचं होतं!"

"हळू बोल."

"नाही बोलणार हळू! उद्या मीच सांगतो मालकाला. म्हणतो, मी भिजवली नाही."

"आणि मग तो विचारेल, टेपमामी, तुला हाताला कळलं कसं नाही?" ती थांबली, हातातली पिशवी तिने दुसऱ्या हातात घेतली. "काय सांगू त्याला? बोटं गेलीत म्हणून? चूक एकदा होते, लोक विसरतात. बोटं गेली म्हटलं की धागे कापायलासुद्धा ठेवणार नाहीत."

"कधीपासून?"

"बघ आता, चौकशी करतोय. टेप भिजवायची तेव्हा कुठे होतास?"

मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. खरं सांगावं तर तिचं उघडं पडतं. गप्प बसावं तर ती पत्र्याखाली बसते. आणि ही बाई रागावत पण नाही धड. तिने दोन ठेवून दिल्या असत्या तर मी जेवलो तरी असतो.

गुरुवारी मी मालकासमोर उभा राहिलो. म्हटलं, "टेपचं ते रीळ खराब होतं. सहा स्वेटर परत करू द्या."

झालंका हसला. "मशीनवाला टेपची वकिली करतोय."

"तू गप रे," असं मी त्याला म्हणालो. म्हणायला नको होतं. मालक म्हणाला, "शनिवारी. भोंगा व्हायच्या आत, कामाच्या वेळेत नाही. सहा म्हणजे सहा. नंतर माझं डोकं खायचं नाही."

मामीला सांगितलं तर म्हणाली, "माझ्याने नाही व्हायचं."

"हात माझे," मी म्हटलं. "तू नुसती शेजारी बस आणि शिव्या दे."

काल दुपारच्या सुट्टीत घरी येऊन टेप बादलीत घातली. संध्याकाळी खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधून वाळत टाकली, त्यामुळे घरात सगळे वाकून चालत होते. मामी जुन्या स्वेटरवर मला शिवायला शिकवत होती. "टेप ओढू नकोस. कापडही ओढू नकोस. दोघांना शेजारी शेजारी चालू दे. गाढवा, ओढू नकोस म्हटलं ना!" चौदा वेळा उसवलं. चौदाव्या वेळी मी स्वेटर फेकला. तिने उचलून परत माझ्यापुढे ठेवला.

आता सकाळ झालीय. ती उठायच्या आधी हे लिहायला बसलो होतो, लिहिता येतं मला. इस्त्री करून झाली. रीळ नीट गुंडाळलंय. मामी उठलीय, दारात पिशवी घेऊन उभी आहे. टेपचं टोक तिने ओठांना लावलंय, डोळे मिटलेत.

मान डोलावली तिने.

जातो. भोंग्याआधी सहा व्हायचेत.