लेकीच्या अंगणातली मॅटाडोर

मित्रांनो, मखमलाबादला पाटाच्या कडेने गेलात तर शेवग्याखाली एक गंजलेली गाडी दिसेल. चाकं मातीत रुतलेली, काचेवरच्या धुळीत पोरांनी नावं गिरवलेली. तीच मी, जुनी मॅटाडोर. माझ्या पोटात एके काळी पलंग, स्टोव्ह आणि पाण्याचा माठ होता, हे आज कुणाला खरं वाटणार नाही.

माझी पहिली वर्षं पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या गोण्या वाहण्यात गेली. मग पुंजारामदादांनी मला घेतलं. त्यांचा इथे मखमलाबादला झेंडू-गुलाबाचा मळा होता. रोज पहाटे मी फुलं घेऊन नाशिकच्या बाजारात जाई.

१९९६ साली त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, प्रतिभाचं लग्न झालं. जावई कुंदन शाळेत गुरुजी. नेमणूक पार कोकणात, एका खाडीपलीकडच्या गावी. लेकीच्या आठवणीने तिची आई, भागुबाई, कासावीस होई. पण त्यांच्याकडे रीत होती, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. भागुबाईच्या आईने ती पाळली होती. भागुबाईनेही पाळायची ठरवली.

तेव्हा पुंजारामदादांनी तोड काढली. सुताराकडून माझ्या आत फळ्यांचा पलंग बसवून घेतला. माठाला तिवई केली, खिडक्यांना पडदे लावले. म्हणाले, “हे आपलं घर. लेकीच्या अंगणात उभं करू. आपलंच खाऊ, आपलंच पिऊ.”

असे आम्ही वर्षाकाठी दोनदा जाऊ लागलो. आधी खाडीला मोठा वळसा पडायचा. पुढे गाड्या नेणारी फेरीबोट सुरू झाली. कोकणातल्या त्या गावची माणसं मला बघायला यायची. “काय गाडी केलीय! घरच की हो!” ऐकून मी फुलून जायची.

रात्री मात्र प्रतिभा तांब्या घेऊन माझ्या दाराशी यायची. “आई, नुसतं पाणी तरी.”

“देवानं तुझ्या पदरात घातलं ना, मंग पोटभर जेवीन गं.”

प्रतिभा भरला तांब्या घेऊन आत जायची. पाळणा काही हलत नव्हता, आणि दर खेपेला ती दाराशी कमी वेळ थांबू लागली.

२००५ मध्ये तिला दिवस गेले. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली, म्हणून बाळंतपणाला भागुबाईच जाणार होती. डिंकाचे लाडू झाले, दुपटी शिवून झाली. पण सातव्याच महिन्यात कुंदनचा फोन आला. “आई, तिला दवाखान्यात नेतोय. ती तुम्हाला बोलावतेय.”

लाडवांचा डबा तेवढा घेऊन आम्ही तसेच निघालो. कसारा घाटात ट्रक अडकलेले. जेट्टीवर पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि शेवटची बोट सुटायच्या बेतात होती. पुंजारामदादांनी मला बोटीवर चढवलं, गिअरमध्ये ठेवलं, हँडब्रेक ओढला. खलाशाने चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवले. पलीकडचे दिवे समोर दिसत होते. चहा पिऊन होईतो पोहोचायचं एवढंच अंतर.

मध्यावर खालून खरवडल्यासारखा आवाज झाला आणि बोट थांबली.

“वाळूवर बसली,” खलाशी म्हणाला. “ओहोटी लागलीय. आता भरतीशिवाय हलायची नाय.”

“भरती कवा?” भागुबाईने विचारलं.

“पहाटे.”

“होडी बोलवा ना दादा! माझी लेक तिथं दवाखान्यात हाय!”

“सगळीकडं चिखल झालाय, आई. होडी जवळ येत नाय, नि चिखलात उतराल तर कमरेपर्यंत जाल.”

पुंजारामदादांनी मोबाइल उंच धरून पाहिला. रेंज नव्हती. बोटीवर विस्तव पेटवायचा नाही, म्हणून माझा स्टोव्हही गप्प राहिला. वारा बोचरा होता. चांगुणा नावाची एक कोळीण लहान नातवाला घेऊन डेकवर कुडकुडत होती. भागुबाईने दोघांना माझ्यात घेतलं, पलंगावर निजवलं, गोधडी घातली. पोर भुकेने किरकिरायला लागलं तेव्हा तिने लाडवांचा डबा उघडला.

“लेकीचे ना गं ते?” चांगुणा म्हणाली.

“खाऊ दे. लेकराच्या मुखी लागलं तर तिकडं माझ्या लेकीला बरं पडंल.”

मग ती माझ्या पायरीवर बसली आणि दिव्यांकडे बघत राहिली. चांगुणा शेजारी येऊन बसली, तिचा हात धरून. मित्रांनो, किती ओझी वाहिली मी! पण त्या रात्री माझी चारही चाकं धड असून उपयोगाची नव्हती.

उजाडता उजाडता पाणी चढलं. बोट हलली.

कुंदन जेट्टीवर उभा होता. डोळे सुजलेले. भागुबाई धावली तसा म्हणाला, “मुलगी होती, आई. राहिली नाही.”

“आन् माझी प्रतिभा?”

“आहे. रात्रभर दाराकडे बघत होती.”

पुढे दवाखान्यातून प्रतिभाला माझ्याच पलंगावरून घरी आणलं. भागुबाई तिचे पाय मांडीवर घेऊन बसली होती. अंगणात आल्यावर प्रतिभा उठली आणि आईकडे न बघता म्हणाली, “तू गाडीतच झोप. मला अजून मूल नाही.”

भागुबाई माझ्यातून खाली उतरली. म्हणाली, “मला तुझ्या घरचं पाणी दे गं.”

“आत्ता? नऊ वर्षं तांब्या घेऊन उभी होते मी!”

“चुकलं माझं. तू होतीस की माझं लेकरू. मी दुसऱ्याचीच वाट बघत बसले.”

चपला काढून ती लेकीमागे आत गेली. त्या अंगणात माझा पलंग पहिल्यांदाच रिकामा राहिला. आतून रडणं ऐकू येत होतं, आधी एकीचं, मग दोघींचं.

त्यानंतर भागुबाई एसटीने जाऊ लागली, लेकीच्या घरात राहू लागली. पण फार नाही, दोनदाच. तिसऱ्या खेपेआधी तिच्या हृदयाने दगा दिला.

दहाव्याच्या दिवशी प्रतिभा माझ्यात येऊन बसली. पुंजारामदादा दाराशी उभे होते. “दादा,” ती म्हणाली, “गाडी इतकी चांगली केली नसतीत, तर तिला आत यावंच लागलं असतं.”

दादांनी मला शेवग्याखाली लावलं आणि पुन्हा कधी चालू केलं नाही. पुढच्या आठवड्यात भंगारवाला येणार आहे.

मित्रांनो, माझ्या पत्र्याचं काहीही होवो. तुम्ही एवढं करा. जिथे कुणी तुमची वाट बघतंय, त्या घरी गेलात की अंगणातून विचारपूस करून परतू नका. देतील ते पाणी घ्या. आत जाऊन बसा.